उत्तरेचा उजेड आणि त्रेचाळीस घरं

उत्तमसिंग रशियातून परत आला तो सहासष्टच्या डिसेंबरात, कापसाचा दुसरा वेचा चालू असताना. आमची सगाई त्याआधी पाच वर्षांपूर्वी झाली होती. गूळ वाटला, तांड्याच्या प्रमुखानं म्हणजे नायकांनी होकार दिला आणि महिन्याभरात हा गडी खाणींचं शिक्षण घ्यायला सरकारी खर्चानं मॉस्कोला निघून गेला. मी तेव्हा सोळा वर्षांची होते. एकविसाव्या वर्षी बिनलग्नाची पोरगी म्हणजे आमच्या बंजाऱ्यांच्या तांड्यात लोकांच्या तोंडाला कायमची सुपारी. त्यानं तिकडं मडम केली, असं पुसदच्या बाजारात कोणीतरी कोणाला सांगितलं होतं आणि ते फिरत फिरत आमच्या चुलीपर्यंत आलं होतं.

माझा बा, हिरासिंग, माणूस वाईट नव्हता, पण संशय त्याच्या पाचवीलाच पुजलेला. बाजारातून मीठ आणलं तरी तो आधी चाखून बघायचा. मला उत्तमसिंग हवा होता, हे मी आता लपवत नाही. तेव्हा लपवायचे, कारण सगाई झालेल्या पोरीनं त्याचं नाव निघालं की ओढणी पुढं ओढून उठून जायचं असतं. मी उठायचे आणि भिंतीआड उभी राहून सगळं ऐकायचे.

आमच्यात आपसात गोरबोली चालते. इथं मी ते बोलणं वऱ्हाडीत मांडते आहे, एवढं चालवून घ्या.

तर त्या उजेडाबद्दल. उत्तमसिंगची पत्रं यायची ती शेजारच्या गावातले भगवानराव गुरुजी वाचून दाखवायचे. मला चौथीपर्यंत त्यांनीच शिकवलं, पण माझ्या होणाऱ्या नवऱ्याचं पत्र मी चारचौघांत कसं वाचणार? त्रेसष्टच्या दिवाळीनंतर एक पत्र आलं. त्यात लिहिलं होतं, की डिसेंबरच्या सुट्टीत मी पार उत्तरेला एका खाणीच्या गावी जाणार आहे. तिथं हिवाळ्यात आभाळात रंगीत उजेड नाचतो, तो पाहून आलो की सविस्तर कळवीन. झालं. तिथून दोन महिने तांड्यात दुसरा विषय नाही. पोस्टमनची सायकल दिसली की पोरं धावत सुटायची, म्हातारे आपली कामं सोडून नायकांच्या अंगणातल्या लिंबाखाली येऊन बसायचे.

दुसरं पत्र आलं तेव्हा सगळा तांडा तिथं जमला होता. त्यात दोन गोष्टी होत्या. एक म्हणजे उजेड. हिरवी ओढणी वाऱ्यावर सोडावी तसा तो हलतो, खालून त्याला गुलाबी काठ असतो, आणि तो आला की बर्फसुद्धा हिरवा दिसतो. दुसरी गोष्ट अशी, की त्या गावात त्या दिवसांत सूर्य उगवतच नाही. दुपारी जरा उजाडल्यासारखं होतं आणि पुन्हा अंधार. उजेडावर सगळ्यांनी तिथल्या तिथं विश्वास ठेवला. सूर्यावर कोणीही ठेवला नाही. गुरुजी कुठली तरी ओळ चुकीची वाचत आहेत, असं म्हाताऱ्यांचं ठरलं. गुरुजींना राग आला. त्यांनी कंदील मागवला, एक कवठ तिरपं धरून कंदिलाभोवती फिरवलं आणि वरचा शेंडा कसा अंधारात राहतो ते तीनदा दाखवलं. लोकांनी मन लावून पाहिलं आणि मग कवठ पिकलेलं आहे की नाही यावर चर्चा झाली.

मी मात्र त्या उजेडापायी पुरती वेडी झाले. लग्नासाठीचा फेटिया, म्हणजे आमचा घागरा, मी भरत होते. त्याच्या घेरावर मी हिरव्या दोऱ्यानं ती ओढणी काढली, खाली गुलाबी काठ, मधे आरसे. याडी, म्हणजे माझी आई, म्हणाली, की असली नक्षी आपल्या सात पिढ्यांत नाही. मी म्हटलं, आता आहे.

उत्तमसिंग आला त्या पहिल्याच संध्याकाळी त्याला लिंबाखाली बसवून लोकांनी सगळं पुन्हा सांगायला लावलं. त्यानं सांगितलं, अगदी पत्रात होतं तसंच. चष्मा लागला होता, गाल भरले होते, बाकी तोच होता. मडम वगैरे काही नव्हतं. पण बाच्या मनातला संशय काही हलेना. चार दिवस तो धुमसत राहिला आणि पाचव्या दिवशी धावजी नायकांकडे गेला. जो माणूस सूर्य उगवत नाही असं तोंडावर सांगतो तो बायकोबद्दल काय खरं सांगणार, असं त्याचं म्हणणं. उत्तमसिंगची परीक्षा घ्या, खरा निघाला तर होळीच्या आत लग्न लावतो, खोटा निघाला तर सगाई मोडली. नायकांनी दुसऱ्या दिवशी नसाब बसवली. नसाब म्हणजे तांड्याची पंचायत.

धावजी नायक तेव्हा ऐंशीच्या घरात होते. लहानपणी ते शेवटच्या लदेणीबरोबर चाललेले. बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून आमचे लोक मुलूख तुडवायचे, ती लदेणी. त्या काळात एक माणूस तांड्याच्या एक दिवस पुढं जायचा आणि परत येऊन पुढची वाट सांगायचा. नायक त्याला चारच गोष्टी विचारायचे: पाणी, चारा, जळण आणि मुक्कामाची जागा. एकदा अशाच एका गड्यानं तळं न पाहताच पाहिलं म्हणून सांगितलं. तांडा गेला तर तळं कोरडं. ऐंशी बैल तिथं बसले ते उठले नाहीत. तेव्हापासून आमच्यात पक्कं झालं, की न पाहिलेलं पाहिलं म्हणणाऱ्याचा शब्द कशातच धरायचा नाही, न्यायात नाही आणि सोयरिकीतही नाही. बाकी थापा माफ असतात, ही नाही.

नायकांनी उत्तमसिंगला लदेणीचेच प्रश्न विचारले. आम्ही बायका कुडाआड होतो. पाणी कुठून आणतात, म्हणून विचारलं. तो म्हणाला, की नदी वरून दगडासारखी घट्ट होते, तिला भोक पाडून खालून बादलीनं काढतात. जळण कशाचं? कोळसा, आणि बुटक्या झाडांची लाकडं. तिथं आपल्यासारखे फिरते लोक आहेत का? आहेत, म्हणाला. कातड्याची पालं ठोकतात, बिनचाकाच्या गाड्या बर्फावरून ओढतात, ओढायला शिंगाळी हरणं जुंपतात. आणि चारा? हरणं खुरांनी बर्फ उकरतात आणि खालचं दगडफूल खातात. यावर कुडाआड हसू फुटलं, कारण दगडफूल आम्ही मसाल्यात घालतो. पण नायक हसले नाहीत. ते मान हलवत होते. गडी तिथं जाऊन आलेला आहे, हे त्यांना पटलं होतं. बासुद्धा जरा सैल झाल्यासारखा दिसला आणि माझ्या जिवात जीव आला.

मग नायकांनी सहज विचारलं, "थो उजेड आला तव्हा हरनं काय करत होती? उभी होती का बसली होती?"

उत्तमसिंगनं वर लिंबाकडे पाहिलं. मला वाटलं आठवतो आहे. उभी म्हण, बसली म्हण, काहीही म्हण, इथं कोण जाऊन बघणार आहे? मी मनात त्याला ढोसत होते. त्यानं चष्मा काढला, धोतराला पुसला आणि पुन्हा घातला.

"नायक, म्या उजेड पाह्यलाच नाही," तो म्हणाला. "चार दिवस तिथं होतो. चारी दिवस आभाळ भरून होतं."

कोणीतरी मागून फिस्सकन हसलं आणि लगेच थांबलं. नायकांनी विचारलं, मग पत्रात काहून लिहिलं. तो सांगत गेला ते मला अजून जसंच्या तसं आठवतं. जाताना दोन दिवस आगगाडीत बसला होता. तिथं पोचल्यावर उसने बूट घालून रोज बर्फात उभा राहायचा, मान दुखेपर्यंत वर पाहायचा आणि वर नुसता काळा कापूस. सोबतची पोरं कंटाळून आत जाऊन पत्ते खेळायची, हा एकटा बाहेर. परत गेल्यावर कागद घेऊन बसला तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर हाच लिंब आला आणि खाली जमलेले सगळे आले. एवढ्या लांब जाऊन मी ढग पाहून आलो, हे लिहायची त्याला लाज वाटली. वसतिगृहात त्या मुलखातला एक मुलगा होता, त्यानं जे सांगितलं ते यानं आपल्या नावावर लिहिलं. आणि एकदा लिहिल्यावर आल्या दिवशी लिंबाखाली तेच पुन्हा सांगणं भाग पडलं.

बा उठून उभा राहिला. "मंग सूर्याचंही खोटंच असंल," तो म्हणाला.

ते खरं आहे, असं उत्तमसिंग म्हणाला, पण आता कोण ऐकतो. त्याला हिवाळ्यात न उगवणारा सूर्य खरोखर दिसला नव्हता आणि तेवढंच एक खरं होतं. बिचाऱ्याचं नशीब बघा.

मला राग आला होता. पाच वर्षं मी लोकांची बोलणी खाल्ली ती याच्या शब्दावर, आणि शब्द तर उसना निघाला. त्या दिवशी घरी येऊन मी फेटियावरची ती हिरवी ओढणी उसवून टाकली. दोरा निघता निघेना, कापडाला भोकं पडली. पण उसवता उसवताच मला हेही कळत होतं, की तो उभी किंवा बसली असं एकच काहीतरी बोलला असता तर आज आमच्या घरी गूळ फुटला असता. तो बोलला नाही. रागाच्या जोडीला ही गोष्ट मनात येऊन बसली आणि मला धड रागावताही येईना.

नायकांचा निवाडा दुसऱ्या दिवशी झाला. लदेणीत असा खोटा निघालेला माणूस सगळ्या बैलांच्या मागून, धूळ खात चालायचा. आता बैल नाहीत आणि धूळही नाही. तेव्हा उत्तमसिंगनं तांड्यातल्या त्रेचाळीस घरी जायचं आणि प्रत्येक उंबऱ्याच्या आत बसून सांगायचं, की मी पाहिलं म्हणालो ते मी पाहिलं नाही. कोणाला वगळायचं नाही आणि कोणापुढं शब्द फिरवायचा नाही. त्रेचाळीसही घरं झाली तर सगाई कायम. एक जरी घर चुकलं तर हिरासिंग मोकळा. बा कबूल झाला. असं कोणी खरोखर करील असं त्याला वाटत नव्हतं, म्हणून तो कबूल झाला असावा.

उत्तमसिंगनं सुरुवात स्वतःच्या घरापासून केली. त्याची याडी रुपीबाई नवरा गेल्यावर दुसऱ्यांच्या शेतात निंदण करून याला शिकवणारी. तिनं ऐकून घेतलं, भाकरी वाढली आणि तो जेवेपर्यंत पाठ करून बसली. पुढं तीन दिवस तो घरोघर फिरत होता. कोणी चहा पाजला, कोणी दारात कुत्रं सोडलं. पोरं रडकुंडीला आली, कारण त्यांना त्या उजेडाचा खेळ येत होता, एकजण ओढणी घेऊन धावायचा आणि बाकीचे बर्फ व्हायचे. एका म्हाताऱ्यानं सांगितलं, की नसंल पाह्यलं तर राहू दे, पण पुन्हा एकदा सांग, ऐकायला बरं वाटते. यानं सांगितलं नाही. आमच्या घरी आला तेव्हा बानं त्याच्याकडून तीनदा म्हणवून घेतलं आणि तो तीनदा म्हणाला, आवाज न चढवता. मी आत तव्याजवळ होते. भाकरी करपली.

आमचं घर बेचाळिसावं. राहिलं होतं ते हंसाबाईचं.

इथं एक सांगायचं राहून गेलं. त्या दुसऱ्या पत्रात अजून एक ओळ होती. त्या मुलखातले म्हातारे म्हणतात, की तो उजेड म्हणजे गेलेली माणसं वर खेळत असतात. गुरुजींनी ती ओळ वाचली तेव्हा बाकीच्यांनी हां हां केलं आणि विसरून गेले. हंसाबाई विसरली नाही. तिचा एकुलता एक बाबूसिंग विहीर खणताना दरड कोसळून गेला होता, अठरा वर्षांचा. उत्तमसिंगचा लहानपणापासूनचा जोडीदार. त्यानंतर ती बाई दिवसाला अर्धी भाकर खायची, तीही कोणी समोर बसलं तर. तिला ऐकू कमी यायचं, हात थरथरायचे, म्हणून रोज दिवस मावळायच्या आधी मी तिच्याकडे जाऊन भाकरी टाकायचे. पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी तिनं मला विचारलं, की वर खेळतात म्हणजे दुखत नसंल ना त्याले. मी म्हटलं, नसंल. त्या दिवशी तिनं अख्खी भाकर खाल्ली आणि तेव्हापासून रोज खाऊ लागली. उत्तमसिंग आला तेव्हा ती काठी टेकत लिंबाखाली गेली होती आणि त्याच्या कानाशी तिनं विचारलं होतं, माणसं दिसली का. तो दिसली म्हणाला होता.

नसाबीत काय झालं ते तिला कोणीच सांगितलं नव्हतं. ज्याचं खोटं त्यानंच जाऊन सांगावं, असं म्हणून सगळ्या तांड्यानं हात झटकले होते. माझ्यासकट.

तिसऱ्या दिवशी मी तिच्या चुलीशी पीठ मळत होते तेव्हा तो दाराशी आला. मी ओढणी पुढं घेतली आणि भिंतीकडे सरकले. त्यानं मला पाहिलं. आत येऊन तो हंसाबाईच्या खाटेजवळ खाली बसला आणि म्हणाला, काकी, एक सांगायचं हाय. ती आनंदली. त्याचा हात धरून म्हणाली, की बरं झालं आलास, त्या दिवशी लोकांत मले धड विचारता आलं नाही.

मला वाटत होतं त्यानं सांगू नये. आणि सांगितलं नाही तर माझं लग्न मोडतं, हेही मला माहीत होतं. पीठ मळून झालं होतं तरी मी मळतच होते.

"बाबू कोनता होता थ्याच्यात?" तिनं विचारलं. "वळखू आला का तुले?"

उत्तमसिंगनं तिच्या हाताकडे पाहिलं. मग त्यानं मान वळवून माझ्याकडे पाहिलं, सरळ, ओढणीआडून मला दिसावं असं. मी ऐकते आहे, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

"आला ना, काकी," तो तिच्या कानाशी मोठ्यानं म्हणाला. "सगळ्याइच्या पुढं थोच पळत होता. हसून राह्यला होता."

हंसाबाई रडली नाही. तिनं नुसतं दोन-तीनदा मान हलवली, बाजारातून काय काय आणलं ते आठवून पाहावं तशी, आणि मग मला म्हणाली, की जमनी, भाकर टाक, भूक लागली. उत्तमसिंग उठला. दाराशी थांबला आणि पाच वर्षांत पहिल्यांदा माझ्याशी बोलला. "जे आयकलं थे सांगजो," एवढंच म्हणाला आणि गेला.

मी भाकरी टाकल्या. तिनं खाल्लं, मी भांडी घासली. घरी आले तर बा आणि नायक ओट्यावर बसले होते. बेचाळीस घरांचं विचारून झालं होतं, सगळीकडून हो आलं होतं. हंसाबाईच्या घरी विचारणं कोणाच्या तोंडाला येत नव्हतं. म्हातारीला काय म्हणून विचारणार, तुझा पोरगा वर नाही हे तुले सांगतलं का? त्या वेळी तिच्या घरात मी होते, म्हणून बानं मलाच विचारलं. त्यानं सांगितलं का, आणि तू आपल्या कानांनी ऐकलं का.

"सांगतलं," मी म्हणाले. "म्या आयकलं."

बाचा चेहरा पडला की उजळला ते मी पाहिलं नाही, कारण नायक माझ्याकडे पाहत होते.

"मंग हंसानं काय केलं?" त्यांनी विचारलं.

माझ्या तोंडून जे खरं होतं ते निघून गेलं. "एक भाकर खाल्ली," मी म्हणाले. "वरून आनखी अर्धी मागतली."

बोलल्याबरोबर मला समजलं मी काय बोलले ते. पोरगा वर खेळत नाही हे ज्या आईला नुकतंच कळलं आहे ती वर अर्धी भाकर मागत नसते. बाला यातलं काही कळलं नाही. नायकांना कळलं. त्यांनी काठी उचलली, गुडघ्यावर हात ठेवून सावकाश उठले आणि बाला म्हणाले, "हिरासिंग, त्रेचाळीस झाले. लग्नाची तारीख काढ."